पाच टक्क्यांचा घाट

खंडाळ्याच्या घाटातून रेल्वेने जाताना लोक धबधबे बघतात, चिक्कीचे भाव करतात, आणि बोगदा आला की पोरं जोरात ओरडतात. मी गेली काही वर्षं या घाटातून जाताना एकच विचार करत असतो: हे कंत्राट नेमकं कुठल्या प्रकारचं होतं? (हसू नका. परचेस खात्यात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला हे असले रोग जडतात. आमच्या घरी या विषयावर बोलायला बंदी आहे, म्हणून तुमच्यापुढे.)

विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ज्याने ज्याने घर बांधलंय किंवा नुसतं स्वयंपाकघराच्या फरशा बदलल्यात, त्याने हा प्रश्न सोडवलेला असतो. मिस्त्री पहिल्याच दिवशी विचारतो, "साहेब, मालासकट देताय की मजुरीवर?" आणि गावाकडे शेतात विचारतात, "रोजाने लावायचे की उक्तं द्यायचं?" बस्स, सगळी कंत्राटविद्या या दोन प्रश्नांत आहे. उक्तं दिलं तर किती खर्च होणार हे आपल्याला आधीच कळतं, पण काम घाईत उरकलं जातं आणि खुरपणी वरवर होते. रोजाने लावलं तर काम नीट होतं, पण संपत नाही! आमच्या भावजींनी बंगला बांधताना मजुरीवर काम दिलं आणि दोन वर्षं सिमेंटच्या गोण्या मोजत बसले. आमच्या मावशींनी मालासकट दिलं, आणि वर्षभरात पाण्याच्या टाकीने गळून त्यांना सांगितलं की सिमेंट कुणी मोजायला हवं होतं. दोघंही अजून एकमेकांना शहाणपण शिकवतात. असो.

तर मुद्दा असा की कुठल्याही कंत्राटात एक गोष्ट असते जी कुणालाच आधी माहीत नसते. डोंगराच्या पोटात कसला दगड लागेल, साथ येईल का, लोखंडाचा भाव वाढेल का. ही जी अनिश्चितता, तिची किंमत कुणीतरी मोजतोच. कंत्राटाचा प्रकार निवडणं म्हणजे ती कोण मोजणार हे आधी ठरवणं. उक्तं दिलं तर ती कंत्राटदाराच्या डोक्यावर, खर्च अधिक नफा असं दिलं तर घेणाऱ्याच्या डोक्यावर. निदान कागदावर तरी.

आता घाटाकडे येतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जी.आय.पी., हिचा कायदा लंडनच्या पार्लमेंटमध्ये १ ऑगस्ट १८४९ रोजी झाला आणि १७ ऑगस्टला तिने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. पाच लाख पौंडांचं भांडवल, मुंबईहून एक प्रायोगिक मार्ग. करारातला कळीचा मुद्दा हा: भागधारकांच्या भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याजाची हमी, ९९ वर्षांसाठी. रेल्वेला फायदा झाला नाही तर उरलेली रक्कम सरकार भरणार. सरकार म्हणजे शेवटी इथला महसूल, म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर. शिवाय जमीन फुकट. शिवाय कंपनीला वाटलं तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात मारायची आणि घातलेलं भांडवल पूर्ण परत घ्यायचं!

मी हा करार पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा दोनदा वाचला. विकणाऱ्याला इतकं सुरक्षित करणारा करार मी नोकरीत कधी पाहिला नाही, आणि नोकरीत मी बरंच काही पाहिलंय.

पण न्यायाने बोलायचं तर घेणाऱ्याची बाजूही बघायला हवी. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेल्वेच्या शेअर्सचं वेड लागलं होतं आणि मग तो फुगा फुटला. लोकांचे हात पोळलेले. त्यात हिंदुस्थान, लांबच्या जहाजप्रवासावरचा, जिथे पावसाळ्यात पूल वाहून जातात आणि वाळवी स्लीपर खाते असं लोक ऐकून होते. सरकारने आधी कमी टक्के देऊ केले होते, तर पैसे घालायला कुणी पुढे येईना. मग ५ टक्के आले आणि मुदत ९९ वर्षांवर गेली. सरकारला स्वतः कर्ज काढून रेल्वे बांधता आली असती, आणि ती स्वस्तात पडली असती असं पुढे लॉर्ड लॉरेन्ससारख्या व्हाइसरॉयनेच मांडलं. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये खासगी उद्योग म्हणजे कार्यक्षम आणि सरकार म्हणजे आळशी हे जणू सृष्टीचं सत्य मानलं जायचं. गंमत अशी की खासगी उद्योग ज्यामुळे कार्यक्षम होतो ती बुडण्याची भीती, तीच नेमकी त्यांनी करारातून काढून टाकली.

१८५३ मध्ये डलहौसीने जो प्रसिद्ध खलिता लिहिला, त्या सुमाराला मैलामागे ८,००० पौंड खर्च धरला जात होता. हमीच्या रेल्वेमार्गांचा प्रत्यक्ष खर्च सरासरीने मैलामागे १८,००० पौंडांच्या आसपास गेला. दुपटीहून जास्त. कशाला काटकसर करेल कुणी? जितकं भांडवल जास्त लावाल तितक्या मोठ्या रकमेवर पाच टक्के मिळणार. सरकारचे माजी अर्थसदस्य मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली तिचा मतितार्थ असा की इंग्लंडच्या भांडवलदाराला पाच टक्के मिळाल्याशी मतलब; त्याचा पैसा विटाचुन्यात गेला काय किंवा हुगळी नदीत फेकला काय, त्याला सारखंच.

सरकारला हे आधी कळलं नव्हतं असं मात्र नाही. म्हणूनच त्यांनी देखरेखीची यंत्रणा उभी केली. लंडनच्या संचालक मंडळावर सरकारचा एक पदसिद्ध माणूस, त्याला नकाराधिकार. इथे मुंबईत सरकारी सल्लागार इंजिनीयर, ज्याच्या मंजुरीशिवाय नकाशा पुढे जायचा नाही, खर्च पडायचा नाही. मजुरीवर काम दिल्यावर भावजी गोण्या मोजत बसले तसंच हे. खर्च अधिक नफा या प्रकारात घेणाऱ्याला मोजायला बसावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. पण मोजणाऱ्याला कंपनीच्या इंजिनीयरइतकं त्या कामातलं कळत नसतं, आणि कळत असलं तर दोघांची भांडणं होतात, काम रेंगाळतं. शेवटी मोजणारा थकतो आणि सही करतो. हे मी इतिहासातून सांगत नाहीये, आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता खरी गंमत. जी.आय.पी.ने सरकारकडून हमी घेतली, पण स्वतः कामं दिली ती ब्रिटिश कंत्राटदारांना, ठरलेल्या दराने. म्हणजे वरच्या मजल्यावर खर्च अधिक व्याज, आणि खालच्या मजल्यावर उक्तं! मुंबई ते ठाणे हा २१ मैलांचा पहिला तुकडा फॅविएल आणि फाउलर या जोडीने घेतला. १६ एप्रिल १८५३ ची ती गाडी, १४ डबे, ४०० पाहुणे, तोफांची सलामी, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. काम व्यवस्थित झालं. सपाट जमीन, थोडी खाडी, थोडी टेकडी. उक्त्या कामाला याहून चांगली जागा नाही, कारण काय निघणार हे दोन्ही बाजूंना साधारण ठाऊक असतं.

त्याच विल्यम फॅविएलने मग भोर घाटाचं कंत्राट घेतलं. जेम्स बर्कली हा जी.आय.पी.चा मुख्य इंजिनीयर, त्याने वर्षानुवर्षं घाटाची मोजणी केली होती; माणूस कष्टाळू होता, त्यात शंका नाही. पंधरा मैलांवर थोडा जास्त असा चढ, त्यात १,८३१ फूट उंची गाठायची, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि मध्ये गाडीची दिशा उलटी करायची जागा. १८५६ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. पण कितीही मोजलं तरी काळ्या पाषाणाच्या आत काय आहे ते सुरुंग लावल्यावरच कळतं. पावसाचे चार महिने काम जवळजवळ बंद. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्ये आली, खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये सुरू झाली, आणि मधला घाट लोक पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढत होते. वर रेल्वे, खाली रेल्वे, मध्ये डोंगर. कंपनीला किती घाई झाली असेल याची कल्पना करा.

उक्त्या कंत्राटात कंत्राटदार संकटात आला की तो काय करतो? तो ते संकट खाली ढकलतो. फॅविएलच्या हाताखाली उपकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, त्यांच्या हाताखाली घाटावरून, कोकणातून, आणखी लांबून आलेली हजारो माणसं, बायकापोरांसह. सर्वांत तळाच्या माणसाला खाली ढकलायला कुणी नसतो. मजुरी थकली. जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल झाली, मजूर युरोपियन अधिकाऱ्यांवर धावून गेले. चौकशीत पुढे आलं ते हेच, की उपकंत्राटदारांच्या साखळीत मजुरीचे पैसे अडकत होते. मार्च १८५९ मध्ये फॅविएलने कंत्राट सोडलं.

इथे थोडं थांबतो, कारण मला वाटतं सगळ्या प्रकरणातली शिकण्यासारखी जागा ही आहे. लंडनमधल्या भागधारकाला त्या जानेवारीतही पाच टक्के मिळत होते. मुंबईच्या खजिन्यातून. कंपनीच्या कागदावर अनिश्चितता कंत्राटदाराच्या गळ्यात बांधलेली होती, आणि कंत्राटदाराने गळा सोडवून घेतला! मग ती गेली कुठे? डोंगर तर तिथेच होता. अर्धवट घाट घेऊन घेणारा पुन्हा उभा, आणि आता नवा कंत्राटदार शोधायचा तोही असा की ज्याला आधीचा का पळाला हे पुरतं ठाऊक आहे. आमच्या खात्यात नव्या पोरांना मी हे सांगतो की ज्याला तोटा सोसण्याची ताकद नाही त्याच्यावर टाकलेली जोखीम ही टाकलेली नसतेच, ती फक्त काही दिवस त्याच्याकडे ठेवायला दिलेली असते. ती पोरं मान डोलावतात आणि सगळ्यांत कमी दराची निविदा उघडतात :-)

मधले काही महिने कंपनीच्या इंजिनीयरांनीच काम रेटलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि येऊन थोड्याच आठवड्यांत, नोव्हेंबर १८५९ मध्ये, आजाराने गेला. त्याची बायको ॲलिस बरोबर आली होती. ती परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट चालू ठेवलं. अॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी माणसांवर घाटातलं काम सोपवलं आणि शेवटपर्यंत नेलं. १८६१ च्या सुमारास घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. एका डोंगरात! कॉलरा आणि ताप दरवर्षी येत होते. त्या मजुरांच्या मृत्यूंची नीट नोंद कुणी ठेवली नाही. कंत्राटातला तो खर्च कुणाच्याच खात्यावर नव्हता. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कली आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये वारला होता.

(याच जी.आय.पी.ची बरीच कंत्राटं जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी घेतली आणि निभावली. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहायचंय. माणसं, पाऊस आणि दगड ओळखणारा कंत्राटदार ही कुठल्याही कलमापेक्षा मोठी हमी असते असं माझं मत होत चाललंय.)

पण घाट संपला नव्हता. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसात, घाटातला 'मौ की माळी'चा दगडी पूल कोसळला. घाट खुला होऊन पाच वर्षंही नीट झाली नव्हती. चौकशी झाली तेव्हा दगडकामातलेच दोष निघाले, आणि लाईनवरच्या इतर पुलांबद्दलही प्रश्न उभे राहिले. दगडी खांबाचं असं असतं की बाहेरून घडीव दगड दिसतो आणि आत भराव असतो, चुना आणि डबर. आतला चुना चांगला की वाईट हे बांधून झाल्यावर दिसत नाही. उक्त्या कामात कंत्राटदाराला पैसे वाचवायचे तर तो दिसणाऱ्या दगडात कशाला वाचवेल? मावशींची टाकी तीच, फक्त आकार मोठा. आणि दुरुस्तीचा भार? कंपनीच्या हिशोबात खर्च वाढला की नफा कमी, नफा पाच टक्क्यांखाली गेला की उरलेलं सरकार भरणार. फिरून भोपळे चौकात.

म्हणजे बघा, घेणाऱ्याने दोन्ही प्रकारांचे तोटे एकाच डोंगरात भोगले. वरच्या करारामुळे खर्चाला लगाम नाही, आणि खालच्या करारामुळे कामाच्या दर्जाला नाही.

हा दोष काही साम्राज्याचाच होता असं समजू नका. अमेरिकेत पहिल्या महायुद्धात खर्चावर टक्के या पद्धतीची कंत्राटं दिली गेली आणि इतकी बदनाम झाली की १९४१ च्या युद्धकालीन कायद्याने त्यांना सरळ बंदी घातली. मग लंबक दुसरीकडे गेला. संरक्षणमंत्री मॅकनमारा यांच्या काळात ठरलं की आता विमानाची रचना, चाचण्या आणि उत्पादन, सगळं एकदम उक्तं द्यायचं. १९६५ मध्ये लॉकहीडला सी-५ हे अवाढव्य मालवाहू विमान असंच दिलं. जे विमान अजून कुणी बांधलेलंच नाही त्याची किंमत आधी पक्की! खर्च अफाट वाढला, वजन कमी करण्याच्या धडपडीत पंख कमकुवत झाले आणि १९८० च्या दशकात ते नवे बसवावे लागले. आणि लॉकहीड? तिचा प्रवासी विमानाचा धंदाही त्याच सुमाराला इंजिन पुरवणाऱ्या रोल्स-रॉइसच्या दिवाळखोरीने अडचणीत आला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कंपनीच्या २५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. हमी! शब्द वाचल्यावर मला खंडाळाच आठवला.

पुन्हा आपल्याकडे. लॉरेन्सची तक्रार अशी होती की नफा सगळा कंपन्यांचा आणि तोटा सगळा सरकारचा. १८६९ पासून सरकारने स्वतः रेल्वे बांधायला घेतली, मग १८७० च्या दशकातले दुष्काळ आणि अफगाण युद्ध यांनी तिजोरी रिकामी केली, मग कमी टक्क्यांच्या हमीवर पुन्हा कंपन्या आल्या. तो लांबचा इतिहास आहे, त्यात शिरत नाही.

एक कलम मात्र सांगायलाच हवं, कारण ते घेणाऱ्याच्या बाजूचं होतं. २५ वर्षांनी, नाहीतर ५० वर्षांनी, सरकारला रेल्वे विकत घेता येईल. छान. कितीला? आधीच्या तीन वर्षांतल्या शेअरच्या सरासरी बाजारभावाला. आता शेअरचा भाव इतका चढा का? तर सरकारची हमी होती म्हणून! म्हणजे आपणच दिलेल्या हमीने वाढलेली किंमत आपणच मोजायची. पहिल्या २५ वर्षांचा हक्क तर १८७० च्या सुमारास सोडूनच दिला. बदल्यात पाच टक्क्यांवरच्या नफ्यात निम्मा वाटा मिळाला, आणि तोपर्यंत सरकारने भरलेल्या व्याजाची थकबाकी माफ. मी असतो तर सही करण्याआधी एक रात्र मागून घेतली असती.

आणि विनिमयाचा दर. करारात रुपया १ शिलिंग १० पेन्सला पक्का. पण हमीचं व्याज पौंडात, रेल्वेची कमाई रुपयात. चांदी घसरली, आणि १८९० च्या दशकात रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. तेच पौंड पाठवायला आता कितीतरी जास्त रुपये लागत होते, आणि ज्या रयतेने ते भरले तिला १८४९ च्या त्या कागदाबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. १९०० पर्यंत रेल्वेपायी हिंदुस्थानच्या महसुलाला लागलेली खोट हिशोब करणारे चार ते पाच कोटी पौंडांच्या दरम्यान धरतात.

१९०० मध्ये सरकारने जी.आय.पी. विकत घेतली. रोख नाही, वार्षिक हप्त्यांनी. मूळ करारातली ९९ वर्षं १७ ऑगस्ट १९४८ रोजी पुरी होत होती, आणि हप्त्यांची मुदतही १९४८ पर्यंतच आखलेली होती.